हरण्याचा हक्क

१९७१-७२च्या मोसमात इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांना राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं हरता आलं. त्याआधीची शंभर वर्षं ते दर शनिवारी जिंकत होते, हरत होते, पण त्या हारजितीचा पुढं काही हिशेब लागत नसे. क्लबांचे चिटणीस एकमेकांना पत्रं लिहून सामने ठरवायचे, कित्येकदा वर्ष वर्ष आधी. ग्लॉस्टरनं बाथशी खेळायचं, कॉव्हेंट्रीनं मोझलीशी. ऐंशी मिनिटं अंग मोडेस्तोवर झुंजायचं आणि संध्याकाळी त्याच माणसांबरोबर बिअर प्यायला बसायचं. लीग नव्हती, ती आली १९८७मध्ये. काही परगण्यांचे आपापले चषक होते, पण सगळ्या देशाचा असा नव्हता. सर्वांत चांगला क्लब कोणता, यावर वर्तमानपत्रं आपापले तक्ते छापत आणि लोक वाद घालत. उत्तर मैदानावर मिळायची सोय नव्हती.

त्या मोसमात रग्बी फुटबॉल युनियननं, म्हणजे इंग्लंडमधल्या रग्बीच्या सर्वोच्च संस्थेनं, क्लबांसाठी बाद फेरीची स्पर्धा सुरू केली. एक सामना हरलात की त्या वर्षापुरता कारभार आटोपला. शेजारच्या वेल्समध्येही त्याच मोसमात असाच चषक सुरू झाला आणि नीथनं लानेलीला १५-९ असं हरवून तो पहिल्यांदा घरी नेला. खेळाचं गणितही नेमकं त्याच वर्षी बदललं. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की होतो तो ट्राय. त्याला तोवर ३ गुण मिळत, आता ४ मिळू लागले.

मी रग्बीकडे आलो तो कबड्डीच्या वाटेनं. गिरणगावात वाढलो. मंडळांच्या स्पर्धा रात्री दिव्यांच्या उजेडात चालायच्या, आणि सगळ्या बाद फेरीच्या. कोकणातून एखादा संघ दिवसभर प्रवास करून यायचा, पहिल्याच फेरीत त्याची गाठ मुंबईतल्या तगड्या संघाशी पडायची, आणि चाळीस मिनिटांत त्यांची स्पर्धा संपून जायची. अंगाची माती झटकून ती मुलं पिशव्या आवरायची आणि रात्रीची एसटी धरायची. विजेत्यांचा गुलाल मला फारसा आठवत नाही. त्या मुलांचे चेहरे मात्र आठवतात. तेव्हापासून कुठल्याही खेळाच्या कुठल्याही चषकाचा इतिहास वाचताना माझं बोट आधी हरलेल्या संघाच्या नावावर जातं. इंग्लंडच्या त्या पहिल्या रग्बी चषकाच्या यादीत १९७२च्या रकान्यात विजेता ग्लॉस्टर आहे आणि हरलेला मोझली. मोझली हा बर्मिंगहॅमचा क्लब. त्या नावापाशी मी थांबलो आणि मग त्यातच गुंतत गेलो.

पण ही गोष्ट १९७१च्या कितीतरी आधी सुरू होते, आणि ती सुरू होते कलकत्त्यात.

१८७२च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या ब्रिटिशांनी रग्बीचा एक सामना ठरवला. एकीकडे इंग्लंडचे वीस, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. तो इतका रंगला की आठवड्याभरात पुन्हा खेळले, आणि १८७३च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला. मात्र बंगालच्या हवेत हा खेळ टिकवणं कठीण होतं. खेळाडू पुरवणारी पलटण दुसरीकडे हलली. उरलेले लोक पोलो आणि टेनिसकडे वळले. चार-पाच वर्षांत क्लब बंद करायची वेळ आली आणि बँकेत काही रक्कम शिल्लक राहिली.

त्या रकमेचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेनं सोडवला त्याचं मला फार अप्रूप आहे. वाटून घेता आली असती, एका मेजवानीत उडवता आली असती. क्लबाचे चिटणीस आणि खजिनदार जी. ए. जेम्स रॉथनी यांनी डिसेंबर १८७७मध्ये लंडनला पत्र लिहिलं. पैशांचा एक चषक करावा, आणि फुटबॉल असोसिएशनच्या चषकासारखा तो क्लबांनी दरवर्षी खेळून जिंकावा, किंवा युनियनला योग्य वाटेल तसा वापरावा, अशी त्यांची सूचना होती. बँकेतून चांदीचे रुपये काढले गेले आणि ते २७० रुपये वितळवून भारतीय कारागिरांनी चषक घडवला. त्या काळचा राणीछाप रुपया एक तोळ्याचा असे. म्हणजे २७० तोळे, आजच्या हिशेबात तीन किलोंच्या वर. त्याची छायाचित्रं मी पुष्कळदा न्याहाळली आहेत. तीन कान आहेत आणि तिन्ही नागाचे, फणा काढलेले. झाकणावर हत्ती. बाकीचं अंग नाजूक नक्षीनं भरलेलं. मँचेस्टरच्या किंवा लंडनच्या धुक्यात हा चषक बंगालचाच वाटत असणार.

युनियननं चषक आनंदानं स्वीकारला, पण क्लबांची स्पर्धा काही सुरू केली नाही. चषक ठेवला इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्यासाठी. पहिला सामना १० मार्च १८७९ रोजी एडिंबरात झाला आणि तो बरोबरीत सुटला. कलकत्ता चषक आजही त्याच दोन देशांत फिरतो. लाकडी बैठकीवर दर वर्षाची नोंद होते, विजेता देश आणि दोन्ही कर्णधारांची नावं. ही परंपरा थोर आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंद पडलेल्या एका क्लबानं इतर क्लबांसाठी मागितलेली गोष्ट नाकारली गेली, ही सल मला आहे. जो क्लब मोडताना स्वतःचे पैसे खेळाला देऊन गेला, त्याला क्लब म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असणार.

युनियनच्या मंडळींना भीती कशाची वाटत होती, तेही समजून घ्यायला हवं. त्यांचा पक्ष असा, की चषक आला की जिंकण्याची ईर्षा येईल, ईर्षा आली की पैसा येईल, आणि पैसा आला की हौसेचा खेळ संपेल. रॉथनींचं पत्र निघालं त्याच मोसमात, १८७७-७८मध्ये, यॉर्कशायरचा चषक सुरू झाला आणि पहिला हॅलिफॅक्सनं जिंकला. गिरण्यांच्या, खाणींच्या त्या मुलखात चषकाच्या सामन्यांना माणसं लोटू लागली. गर्दी आली, तिकिटांचा पैसा आला. खेळाडू कामगार होते. शनिवारी खेळायचं तर पाळी बुडायची आणि मजुरी कापली जायची. बुडालेली मजुरी क्लबानं भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. युनियननं ती मान्य केली नाही. ऑगस्ट १८९५मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली. रग्बी लीग हा निराळा खेळ त्यातूनच पुढं घडला. त्या फुटलेल्या क्लबांनी दोन वर्षांच्या आत आपला बाद फेरीचा चषक सुरू केलाही, आणि पहिला बॅटलीनं जिंकला.

म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. चषकामुळं खेळ बदलतो, हे खरंच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: दोष चषकाचा नव्हता. ज्याला शनिवारची मजुरी बुडवणं परवडतं आणि ज्याला परवडत नाही, अशी दोन माणसं एकाच मैदानावर उभी राहिली आणि युनियनला पहिल्याच्या सोयीनं नियम हवे होते. लंडनच्या रुग्णालयांतले वैद्यकीय विद्यार्थी तर १८७५पासून आपसात रग्बीचा चषक खेळत होते. पहिला गाय्ज हॉस्पिटलनं जिंकला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. चषक वैद्यकीय विद्यार्थ्यांना शोभतो आणि गिरणीवाल्यांना शोभत नाही, असा भेद मला पटत नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला तो पटणारही नाही.

फुटबॉल असोसिएशनचा चषक १८७१-७२च्या मोसमात सुरू झाला होता. रग्बीचा राष्ट्रीय क्लब चषक त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आला.

आणि आला तोही कसा, तर अगदी दबकत. रग्बीवेड्या इंग्लंडनं त्याची फार दखल घेतली नाही. मोसमाचे ठरलेले सामने चालूच होते, त्यांच्यामधल्या फटींत हे सामने बसवायचे. तरीही पहिल्या फेरीपासून काहीतरी बदललं. वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळलेले तेच संघ, तीच मैदानं, पण आता शिट्टी वाजल्यावर एकाला पुढं जायचं होतं आणि दुसऱ्याला नाही.

ग्लॉस्टरचा प्रवास मला त्या मोसमातला सर्वांत कणखर वाटतो. सेव्हर्न नदीकाठचं हे गोदीचं गाव, आणि रग्बीत त्यांचं किंग्जहोम मैदान म्हणजे पाहुण्यांची परीक्षा. तिथं उभ्यानं सामना पाहणारा प्रेक्षक पाहुण्या संघाच्या कानात बसतो, असं खेळाडू सांगतात. पण त्या वर्षी सोडतीत ग्लॉस्टरच्या वाट्याला किंग्जहोम आलंच नाही. बाथला बाथमध्ये, ब्रिस्टलला ब्रिस्टलमध्ये, मग लंडन वेल्श, मग कॉव्हेंट्री: सगळे सामने परक्या मैदानांवर. यातलं लंडन वेल्श हे नाव तर त्या काळी छातीत धडकी भरवणारं होतं. १९७१च्या उन्हाळ्यात ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या ब्रिटिश लायन्स संघानं न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका जिंकली होती आणि त्या संघात एकट्या लंडन वेल्शचे सात खेळाडू होते. कर्णधार जॉन डॉज त्यांचाच, जे. पी. आर. विल्यम्स त्यांचाच, जेराल्ड डेव्हिस आणि मर्व्हिन डेव्हिसही त्यांचेच. जगातल्या सर्वांत मोठ्या संघाला त्याच्या देशात नमवून आलेल्या या माणसांना ग्लॉस्टरच्या स्थानिक पोरांनी लंडनमध्ये जाऊन स्पर्धेबाहेर काढलं. ठरलेल्या शनिवारच्या सामन्यात हाच निकाल लागला असता तर चार दिवस गप्पा झाल्या असत्या. इथं तो कायमचा नोंदला गेला.

एप्रिलच्या अखेरीस लंडनच्या ट्विकनहॅमला अंतिम सामना झाला. साठ-सत्तर हजार माणसं मावणाऱ्या त्या मैदानात सुमारे दहा हजार आली होती. कर्णधार माइक निकोल्सच्या ग्लॉस्टरसमोर मोझली. पुढच्या फळीतल्या माणसांची ती धुमश्चक्री होती. मोझलीच्या नायजेल हॉर्टनला ठोसा मारल्याबद्दल पंचांनी मैदानाबाहेर काढलं आणि मोझलीला चौदा जणांनिशी लढावं लागलं. रग्बीत एक गडी कमी असणं काय असतं, हे स्क्रममध्ये दिसतं. आठजणांनी आठजणांना रेटायचं, त्यातला एक गेला की उरलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा भार येतो. ग्लॉस्टर १७, मोझली ६. पहिला चषक किंग्जहोमला गेला, जिथं त्या स्पर्धेतला एकही सामना झाला नव्हता.

मोझलीचं दुःख समजायला सॅम डोबल हे नाव ठाऊक हवं. हा त्यांचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागं उभा राहणारा गडी. त्या एकाच मोसमात त्यानं ५८१ गुण केले आणि विक्रम रचला. मोसम संपल्यावर लगेच इंग्लंडनं त्याला दक्षिण आफ्रिकेला नेलं. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर पदार्पणातच त्यानं १४ गुण केले आणि इंग्लंडनं सामना १८-९ असा जिंकला. आता क्लबही मोठा होईल, असं वाटण्याजोगा तो काळ होता. पण १९७७मध्ये डोबल रक्ताच्या कर्करोगानं गेला. वय अवघं तेहतीस. दोन वर्षांनी, १९७९मध्ये मोझली पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि लेस्टरकडून १५-१२ असा हरला.

मग १९८२. पहिल्या अंतिम सामन्याला दहा वर्षं झाली होती आणि ट्विकनहॅमवर पुन्हा तेच दोघे, ग्लॉस्टर आणि मोझली. पूर्ण वेळ संपली, जादा वेळ संपली, गुणफलक १२-१२. चषक दोघांत विभागून दिला गेला. बाद फेरीच्या स्पर्धेत असं होणं नियमाला धरून वाटत नाही. कुणीतरी हरायलाच हवं. तरी मला त्या निकालाबद्दल कधी रुखरुख वाटली नाही. मोझलीचं नाव चषकावर लागलं ते तेवढंच, ग्लॉस्टरच्या नावाशेजारी.

मोझलीचा सर्वांत मोठा दिवस मात्र चषक न मिळालेल्या मोसमातला आहे. बाथनं १९८४ ते १९८७ असा सलग चार वर्षं चषक जिंकला होता. त्यांना कुणी हरवू शकेल अशी आशा उरली नव्हती. १९८८मध्ये ते बर्मिंगहॅमला मोझलीच्या ‘द रेडिंग्ज’ मैदानावर आले आणि ४-३ असे हरले. एक ट्राय, बस. जुने ३ गुणच राहिले असते तर सामना बरोबरीत सुटला असता. १९७१च्या त्या बदलानं मोझलीला सतरा वर्षांनी हा एक जास्तीचा गुण दिला. पुढं १९९२मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉटरलू क्लबानं बाथला ९-८ असं बाहेर काढलं, त्याचीही सय लोक काढतात. लीगमध्ये असे निकाल वर्षाच्या गोळाबेरजेत विरघळून जातात. बाद फेरीत ते तसेच्या तसे उभे राहतात.

हे सगळं कागदावरून कळलं. रग्बीचा पिंड कळला तो मुंबईत, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी. भारताच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना १९३३मध्ये जिथं झाला, त्याच मैदानावर पावसाळ्यात रग्बी होते, हे कित्येक मुंबईकरांना माहीत नसतं. फॅशन स्ट्रीटवर खरेदीला गेलो होतो आणि आत क्लबांचा बाद फेरीचा सामना चालला होता. स्क्रम अगदी कुंपणाजवळ लागला. सोळा माणसं वाकली, खांदे खांद्यांत अडकले, आणि पंचाचा शब्द ऐकताच दोन्ही बाजूंनी एकदम रेटा आला. त्या रेट्याचा आवाज असतो, हे मला ठाऊक नव्हतं. छातीतून निघतो तो. पाठींवरून वाफ उठत होती, पावसाचं पाणी त्यांच्यावर पडून लगेच चिखलाचं होत होतं, जर्सीवरचे आकडे दिसेनासे झाले होते. मधल्या फळीतल्या एका पोराचे बूट घसरत होते. तो दर वेळी टाच खोल रुतवायचा, पुन्हा घसरायचा, पुन्हा रुतवायचा. चेंडू त्याच्या पायांमधून मागं गेला तरी त्यानं रेटणं थांबवलं नाही. त्याचा संघ हरला. शिट्टी झाल्यावर जिंकलेला संघ दोन रांगा करून उभा राहिला आणि हरलेले त्यांच्या मधून टाळ्यांच्या गजरात बाहेर गेले. कबड्डीच्या त्या पोरांसाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं, राहायला हवं होतं, हे मला तिथं उभ्या उभ्या जाणवलं.

इंग्लंडचा तो चषक पुढं फार मोठा झाला. दहा हजारांच्या जागी ट्विकनहॅम भरू लागलं. मग १९९५मध्ये खेळ व्यावसायिक झाला, युरोपातल्या स्पर्धा आल्या, लीगचा पैसा वाढला, आणि जुना चषक अडगळीत पडू लागला. २००५मध्ये लीड्सनं बाथला हरवून तो जिंकला. त्यानंतर त्याचं रूपच बदललं, तो इंग्लंड-वेल्सच्या निवडक संघांपुरता उरला. छोट्या क्लबानं मोठ्याला घरी बोलावून बाहेर काढायची वाट तेव्हा बंद झाली. माझ्या लेखी हे मोठं नुकसान आहे. पैशानं वर राहिलेले क्लबही काही सुरक्षित झाले नाहीत. लंडन वेल्शच्या व्यावसायिक संघाचा कारभार २०१७मध्ये कर्जात बुडाला. २०२२मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, आणि २०२३मध्ये लंडन आयरिश हे वरच्या लीगमधले क्लब पैशाअभावी स्पर्धेबाहेर फेकले गेले. त्यांना कुणी मैदानावर हरवलं नव्हतं. मोझलीनंही ‘द रेडिंग्ज’ गमावलं, पण क्लब मोडला नाही. बर्मिंगहॅमच्या बिलेस्ली कॉमनवर, खालच्या पायरीवर, तो आजही खेळतो.

कलकत्त्याच्या त्या क्लबाची इच्छा १९७१मध्ये पुरी झाली आणि २००५मध्ये पुन्हा अर्धवट राहिली. आपल्याकडे मात्र क्लबांची अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४पासूनची आहे, तिच्यात लष्कराचे संघ उतरतात, कोलकात्याचे आणि मुंबईचे क्लब उतरतात, आणि प्रेक्षक मूठभर असतात. पावसाळ्यात मुंबईत असाल आणि जिमखान्यावर सामना चालू दिसला, तर पाच मिनिटं पाहून पुढं जाऊ नका. शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबा, आणि हरलेला संघ बाहेर येईल तेव्हा टाळ्या वाजवा.